कुणाकडे नाही, फिरायला!

आपल्या माणसांचे पाय तसे लांबचे. 6 डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, 1 जानेवारीला कोरेगाव भीमा, 20 मार्चला महाड. येवल्याची मुक्तिभूमी तर घरच्या अंगणातलीच. भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन रेल्वेच्या दाराशी रात्र काढलेली म्हातारी आपल्या प्रत्येक वस्तीत सापडेल. पण त्याच घरातल्या कर्त्या माणसाला विचारा, "भाऊ, नाशकात येऊन किती वर्षे झाली?" भाऊ सांगतील, तीस. मग विचारा, "जुन्या नाशकातला कुंभारवाडा पाहिला का? तांबट लेनमधून कधी चाललात का? देवळाली गावात आत शिरलात का?" भाऊ डोके खाजवतात. घर, कंपनी, शालिमार आणि सरकारी दवाखाना एवढ्यात त्यांचे नाशिक संपते. वहिनींचे तर त्याहून लहान. त्यांच्या नाशकात कंपनीही नाही, तिथे रेशनचे दुकान आहे.

याला एक साधे कारण आहे. आजचे नाशिक हे एक गाव नाहीच. नोव्हेंबर 1982 मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी एकत्र करून महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार भरली. कागदावर शहर एक झाले, तरी सातपूरचा माणूस आजही "जरा नाशकात जाऊन येतो" म्हणतो आणि नाशिकरोडचाही तसेच म्हणतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगाराला कंपनीची बस घराजवळ उचलते आणि गेटवर सोडते. तीस वर्षे तो शहराच्या मधून जातो, पण खिडकीतून, आणि तेही बहुतेक झोपेत.

दुसरे कारण जुने आहे आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आपल्या आजा-पणजाला परक्या गल्लीत कामाशिवाय पाऊल टाकायची मुभा नव्हती. लाकडे फोडायला, मेलेले ढोर ओढायला, निरोप पोचवायला जायचे आणि काम झाले की आल्या वाटेने परत फिरायचे. "नसत्या गल्लीत शिरू नको" हे वाक्य आमच्या लहानपणी आजीच्या तोंडी असे. ती का म्हणते हे तिलाही सांगता आले नसते. भीती गेली, सवय मागे राहिली.

तर, आम्ही पाच-सहा मित्रांनी दोन वर्षांपूर्वी ठरवले की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याच शहरातली एक अनोळखी वस्ती पायी बघायची. आमच्यात एक जण नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत, एक रिक्षा चालवतात, एक शाळामास्तर, एक दवाखान्यात वॉर्डबॉय, आणि आम्ही कारकून. पहिले दोन महिने पुरुषच गेलो. तिसऱ्या महिन्यात घरच्या मंडळींनी विचारले, "तुम्ही हिंडणार आणि आम्ही डबे भरून देणार, असे किती दिवस?" उत्तर नव्हते. तेव्हापासून बायका-मुलांसह वीस-बावीस माणसे होतात. दीड-दोन तास चालायचे, कुठेतरी बसून डबे सोडायचे, बारा-साडेबाराला घरी. नियम एकच ठेवला आहे. वाटाड्या असा निवडायचा, ज्याचे त्या भागात पोट आहे. पुस्तक वाचून माहिती सांगणारा नको. तिथे ज्याने घाम गाळला तो हवा.

जुन्या नाशकाला रिक्षावाले मित्र वाटाडे झाले. पण भद्रकालीत शिरल्यावर तेच म्हणाले, "मी या गल्ल्यांच्या तोंडापर्यंत हजार वेळा आलो. आत रिक्षा जात नाही, म्हणून मीही कधी गेलो नाही." नाशिक नऊ टेकांवर वसले असे जुने लोक सांगतात. ते ऐकून कळत नाही, पोटऱ्यांना कळते. म्हसरूळ टेक, जोगवाडा, डिंगर आळी या नावांमधून चालताना रस्ता सारखा चढतो आणि उतरतो. लहान मुलांना त्याची फार मौज वाटली. एका मुलीने विचारले, "इथे सायकल कशी चालवतात?" खरोखरच तिथे फार कमी सायकली दिसल्या.

तांबट लेनमध्ये आता पूर्वीसारखे ठोके ऐकू येत नाहीत. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी लांबवर नावाजलेली. मग स्टील आले, प्लास्टिक आले. तरी एक म्हातारे कारागीर ओट्यावर बसून हंड्याला ठोके देत होते. आमची वीस माणसांची रांग बघून त्यांनी हात थांबवला. मुलांना जवळ बोलावून त्यांनी दाखवले की ठोका एकाच्या शेजारी एक, ओळीने पडला पाहिजे. एक जरी चुकला तरी उजेडात भांडे धरले की दिसतो. प्रेसमधल्या मित्रांनी विचारले, "बाबा, मुलगा हेच करतो का?" ते म्हणाले, "छे! तो अंबडला कंपनीत आहे. पोटाला हे पुरते का आता?" आमच्यातल्या चार घरांची मुले अंबडलाच आहेत. मग कोणती कंपनी, कोणती पाळी, कंत्राटी की कायम, अशी चौकशी निघाली आणि पंधरा मिनिटे तिथेच गेली. हंडा बाजूला राहिला.

चौक मंडई, दूध बाजार, कोकणीपुरा या बाजूला जायचे ठरले तेव्हा आमच्या वस्तीतल्या एका माउलीने मुलाला पाठवायला नकार दिला होता. "तिकडे पोरांना कशाला नेता?" एवढेच ती म्हणत होती. शेवटी स्वतःच सोबत आली, पोराचा हात घट्ट धरून. बडी दर्गा पाहून आम्ही एका चहाच्या टपरीवर थांबलो. त्या पोराने भर गर्दीत मोठ्याने विचारले, "इथे सगळे मुसलमानच राहतात का?" आईचा चेहरा पांढरा झाला. टपरीवाले चाचा हसले आणि आम्हाला विचारू लागले, आम्ही कुठून आलो. वस्तीचे नाव सांगितले. तर म्हणाले, "माझा नातू तुमच्या वस्तीच्या बाजूला शिकवणीला जायला घाबरतो. त्याची आई म्हणते, उधर मत जा." यावर ती माउली पदर तोंडाला लावून हसायला लागली. दोन्ही आया एकाच शब्दांत घाबरत होत्या. आम्ही यातून फार मोठे काही निष्पन्न झाले असे म्हणत नाही. पण तो मुलगा आता चौक मंडईतून एकटा वह्या आणतो, कारण तिथे त्या स्वस्त मिळतात हे त्याला त्या दिवशी कळले.

तिथून गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीकडे गेलो. लोक तिला काझीची गढी म्हणतात. 1950-51 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी या गढीवर उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण काळापासून इथे माणूस राहतो हे उजेडात आले. म्हणजे नाशकातली ही सगळ्यांत जुनी वस्ती म्हणायची. आणि सगळ्यांत धोक्याचीही तीच. पावसाळ्यात कडेची माती खचते, पालिका नोटिसा लावते, माणसे महिनाभर शाळेत किंवा नातेवाइकांकडे जातात आणि परत येतात. जातील कुठे? एक बाई दारात भांडी घासत होती. आम्हाला बघून तिने विचारले, "सर्व्हेवाले का?" आम्ही नाही म्हणालो. "मग इलेक्शन आले का?"

हा प्रश्न आम्हाला पुढे प्रत्येक गरीब वस्तीत ऐकावा लागला. गरिबाच्या दारात अनोळखी माणूस उगीच येत नाही, एवढे तिथल्या बाईला अनुभवाने माहीत असते. आम्ही खरे ते सांगतो, की असेच चालत आलो. मग आधी संशय, मग हसू, आणि बहुतेक वेळा पाणी मिळते. ज्या शहरात आपल्या आज्याला ओंजळीत वरून पाणी वाढत, तिथे हे पाणी पिताना आमच्यातल्या वयस्कर माणसांना काय वाटते ते आम्ही विचारत नाही.

पंचवटीला जाताना मास्तरांनी मुलांना एक काम दिले. काळाराम मंदिराला बाहेरून पूर्ण फेरी घालायची आणि चारही दरवाजे शोधायचे. हे मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. त्याच्या शिल्पाबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही दरवाज्यांपुरते बोललो. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक इथवर आली. ती जवळजवळ मैलभर लांब होती असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. दरवाजे बंद मिळाले. मिरवणूक गंगेच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, 3 मार्चला, 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची पहिली तुकडी दरवाज्यांवर बसली. भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढे हा लढा सुमारे पाच वर्षे चालला.

हे सगळे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. पण मुलांनी फेरी घालून परत आल्यावर हिशेब केला. दीडशे माणसे, चार दरवाजे, म्हणजे एकेका दरवाज्यावर सदतीस-अडतीस. त्यात बाया सहा-सात. आमची एक भाची दरवाज्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामा, म्हणजे आपल्या आजच्या ग्रुपपेक्षा थोडेसेच जास्त." तिने आमच्याकडे आणि त्या दरवाज्याकडे आळीपाळीने पाहिले. भाषणातला आकडा तिला पहिल्यांदा माणसांएवढा दिसला असावा. मंदिरात शिरायचे की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. काही म्हणाले, आपल्याला आता तिथे काय काम? काही म्हणाले, ज्या दारासाठी पूर्वजांनी डोकी फोडून घेतली ते दार ओलांडून तरी बघू. ज्यांना जायचे ते गेले, बाकीचे बाहेर शेंगा खात बसले. कुणी कुणाला टोकले नाही.

त्रिरश्मी लेणी आपल्याला नवी नाहीत. बुद्धपौर्णिमेला अर्धे नाशिक पाथर्डी फाट्याला उतरते. पायऱ्या चढायच्या, वंदना घ्यायची, फोटो काढायचे आणि उतरायचे. वंदना घ्यावीच, पण एखाद्या रविवारी ही चोवीस लेणी एखादी वस्ती बघावी तशी, घरोघर विचारपूस करत बघितली तर वेगळाच मजकूर हाती लागतो. आमच्या मास्तरांनी धम्मलिपी शिकून घेतली आहे. त्यांचा नेम असा, की प्रत्येक दारावर थांबून "हे घर कुणी दिले?" असे मुलांना विचारायचे.

एकोणिसावे लेणे सातवाहन राजा कृष्णाच्या काळातले, इथले सगळ्यांत जुने. ते नाशिकच्या एका महामात्राने कोरवले. लेखात नाशिकचे नाव स्पष्ट आहे. म्हणजे दोन हजार वर्षे हे शहर याच नावाने ओळखले जाते. सतरावे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दिले. आठव्या लेण्याचा दाता मुगूदास. त्याच्या नावामागे 'दासक' हा शब्द आहे, आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ मासेमारी करणारा कोळी असा लावला आहे. त्याने ते दान सहपरिवार दिले असे कोरलेले आहे. एका कोळ्याने बायकामुलांसह! अठरावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दारावरच्या लेखात एकट्या माणसाचे नाव नाही, धंभिक नावाच्या गावाचे आहे. हे नाशिककरांचे एक गाव, आजच्या भाषेत एक पाडा किंवा मोहल्ला म्हणा. त्या सबंध वस्तीने वर्गणी काढून चैत्याचे दर्शनी काम करून दिले. आपल्या विहाराच्या पत्र्यासाठी घरटी शंभर-शंभर रुपये मागत फिरणाऱ्या कार्यकर्त्याने या दारासमोर जरा वेळ उभे राहावे. आणि ते चैत्यगृह पूर्णत्वास नेले भट्टपालिका नावाच्या बाईने. तिचा नवरा राजाचा भांडागारिक होता, पण दान तिच्या नावावर नोंदले आहे.

आम्ही मात्र अडकलो ते दहाव्या लेण्यात. तिथे नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी मोडायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस, तिथेच पायरीवर बसून आकडेमोड केली. 2000 वर दरमहा 20, वर्षाचे 240. वीस भिक्खूंना प्रत्येकी 12, म्हणजे 240. बरोबर! एका कवडीचा फरक नाही. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून दफ्तरी नोंदवला असेही लेखात म्हटले आहे. ज्या कारकुनाने तेव्हा ही नोंद केली त्याला आमचा जयभीम.

पण खरी गोष्ट पुढे आहे. राजाच्या जावयाने पैसे ठेवले कुणाकडे? सावकाराकडे नव्हे, विणकरांकडे. त्याच लेण्यातल्या नंतरच्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवल्याचे आहे, आणि तिची ठेव ज्या श्रेणींकडे आहे त्यांत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेली आहेत, बहुधा कुंभारही आहेत. हाताने काम करणारी माणसे त्या काळी या शहराची पेढी होती, आणि त्यांचा शब्द खडकावर कोरण्याइतका पक्का धरला जाई. आज आपल्या माणसाला पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी दोन जामीनदार शोधत हिंडावे लागते. आमच्या वॉर्डबॉय मित्रांना गेल्याच महिन्यात मुलीच्या फीसाठी असे हिंडावे लागले होते. ते त्या लेखासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "साहेब, ते गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडच्या पुढचे गोवर्धनच का?" अभ्यासक तसेच मानतात. पुढच्या महिन्यात आम्ही गोवर्धनला गेलो. तिथे विणकर कुणी भेटले नाहीत. द्राक्षबागा आणि नवे फार्महाऊस होते, डबे मात्र झकास झाले.

आता ज्या फेरीची आम्हाला सर्वांत जास्त आठवण येते तिच्याकडे येतो. तिथे ना इतिहास होता, ना शिलालेख. आमच्या वस्तीतल्या एक ताई गेली बावीस वर्षे कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये धुण्याभांड्याची कामे करतात. एका रविवारी त्या म्हणाल्या, "मास्तर, सगळे नाशिक फिरता, माझ्या भागात कधी येता?" माझ्या भागात! आम्ही चपापलो. नियमाप्रमाणे वाटाड्या त्याच.

त्या दिवशी ताई नवे लुगडे नेसून आल्या होत्या, दोन्ही मुली बरोबर. सकाळी सहाला अंगावरच्या साडीत, मान खाली घालून ज्या रस्त्याने त्या रोज धावत जातात, त्याच रस्त्याच्या मधोमध त्या सावकाश चालत होत्या. कुठल्या बंगल्यात चाफा कधी फुलतो, कुठल्या गल्लीत कुत्रे चावरे आहे, कुठले आजोबा एकटे असतात आणि त्यांची मुले परदेशात आहेत, कुठल्या घरात कामवालीचा कप वेगळा ठेवतात आणि कुठे शेजारी बसवून चहा देतात, सगळे त्यांना पाठ. बाहेरून सारखे दिसणारे बंगले त्यांच्या बोलण्याने एकेक वेगळे होत गेले. आमच्या शहराचा हा भाग एवढा आतून ओळखणारा माणूस दुसरा मिळाला नसता.

एका मोठ्या सोसायटीच्या बाहेर बाकडे होते, झाडाची सावली होती. रस्ता सार्वजनिकच. मुले बसली. तेवढ्यात वॉचमन आला. त्याने ताईंना ओळखले आणि विचारले, "मावशी, आज रविवारी? कुणाकडे?"

बावीस वर्षांत हा प्रश्न ताईंना किती वेळा विचारला गेला असेल! आणि दर वेळी त्यांनी फ्लॅटचा नंबर सांगितला असेल. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "कुणाकडे नाही. फिरायला आलोय."

वॉचमनला समजेना. त्याने आमच्याकडे पाहिले, वीस माणसे, डबे, पाण्याच्या बाटल्या. "फिरायला? इथे?" तोही खेड्यातून आलेला, बारा तासांची ड्यूटी करणारा गरीब माणूस. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी त्याला डब्यातली पोळी-भाजी दिली, त्याने घेतली. पण "साहेब लोक उठायच्या आत जरा पुढे सरका" हेही तो हळूच म्हणाला. आम्ही सरकलो नाही. डबे संपवले, जागा झाडून कचरा पिशवीत भरला आणि मग उठलो. परतताना ताईंच्या धाकट्या मुलीने विचारले, "आई, तू रोज एवढ्या चांगल्या रस्त्याने जातेस?" ताई म्हणाल्या, "रोज जाते गं, पण बघितला आज."

आमच्या या हिंडण्याला नावे ठेवणारेही आहेत. चळवळीतले एक ज्येष्ठ आम्हाला म्हणाले, "समाजापुढे प्रश्न किती, आणि तुम्ही बायका-पोरांना घेऊन सहली काढता. ही मध्यमवर्गाची चैन झाली." त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी जेलही भोगला आहे. पण चैन म्हणजे काय? आठवडाभर बारा तास राबणाऱ्या बाईने महिन्यातून एकदा स्वतःच्या शहरात दोन तास बिनकामाचे चालावे, याला चैन म्हणत असतील तर ती चैन आपल्या माणसांना फार उशिरा मिळते आहे. आणि दुसरे असे, की चालताना माहितीही मिळते. एका वस्तीत अभ्यासिका कशी मिळवली, अर्ज कुणाकडे केला, हे आम्हाला मोर्चात कळले नव्हते. तिथल्या ओट्यावर बसून पाणी पिताना कळले. त्या नमुन्यावर आमचा अर्ज तयार झाला आहे. पुढे काय होते ते याच सदरात कळवू.

आडनावाचाही प्रश्न आहेच. अनोळखी गल्लीत पत्ता विचारला की काही ठिकाणी आधी नाव, मग आडनाव, मग गाव विचारतात, आणि मग रस्ता दाखवतात. एका आळीत आम्हाला गाव ऐकल्यावर रस्ताच नीट सांगितला नाही, उलट दिशेला पाठवले. तरुण मुले चिडली. तेव्हा आम्हाला बाबूराव बागुलांची आठवण झाली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 साली आला. परक्या गावात नोकरीला गेलेल्या माणसाला खोलीसाठी जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडल्यावर काय होते, ते त्या कथेत आहे. आज साठ वर्षांनंतरही आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला भाड्याने घर शोधताना नेमका तोच अनुभव आला. आम्ही मुलांना एवढेच सांगितले आहे, की विचारले तर खरे आडनाव सांगायचे, आणि रस्ता चुकला तर पुढच्या माणसाला विचारायचे. एकटा असेल तर हे जड जाते. वीस जण बरोबर असले की हसण्यावारी जाते. मित्रांनी मिळून फिरण्याचा हा फायदा कुठल्या पर्यटनाच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

ज्यांना आपल्या वस्तीत असा गट करायचा आहे त्यांनी पत्राने विचारले होते, म्हणून थोडे सांगतो. खर्च जवळजवळ नाही. शहर बस 2021 पासून एस.टी.ऐवजी सिटीलिंकची आहे. शालिमार, निमाणी किंवा नाशिकरोडवरून बहुतेक भागांत जाता येते. सकाळी लवकर निघावे, कारण मार्चनंतर दहालाच ऊन तापते. कुणाच्या घराचे, बाईचे, मुलाचे फोटो न विचारता काढू नयेत. आपल्या वस्तीत कुणी येऊन काढले तर आपल्याला कसे वाटते ते आठवावे. झेंडे, घोषणा, बॅनर नकोत, नाहीतर खरोखरच इलेक्शन वाटते. गरिबांच्या वस्तीत गेलो तर कौतुक किंवा कीव करत हिंडू नये. आणि म्हाताऱ्यांना जरूर बरोबर घ्यावे. ते हळू चालतात, म्हणून सगळ्यांनाच नीट बघता येते.

येत्या दुसऱ्या रविवारी विहितगाव. बाबूराव बागुलांचा जन्म 17 जुलै 1930 रोजी याच गावी झाला. म्हणजे काळारामाच्या दरवाज्यांवर आपली माणसे बसली त्याच साली. आज ते गाव महापालिकेतच आहे, नाशिकरोडहून चालत जाण्यासारखे. 2008 च्या मार्चमध्ये बागुल नाशकातच गेले. आमच्यातल्या पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकले आहे, पुस्तक वाचलेले थोडे आहेत. म्हणून मास्तर एक प्रत बरोबर आणणार आहेत. प्रेसमधले मित्र वाटाडे आहेत, त्यांची सासुरवाडी तिथलीच. जावयाला सासुरवाडीत कुणी "कुणाकडे?" विचारणार नाही, असे ते म्हणतात. बघू.

सकाळी साडेसातला शालिमारला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ जमायचे. पावणेआठला निघू, कुणाची वाट बघणार नाही. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी, आणि लहान मुलांना चपलेऐवजी बूट घालावेत.